आषाढा नक्षत्रातली गर्दी

आषाढ महिन्याचं नाव आकाशातून आलं आहे. या महिन्याच्या पौर्णिमेचा चंद्र पूर्वाषाढा किंवा उत्तराषाढा नक्षत्राच्या आसपास असतो आणि ही नक्षत्रं धनु राशीत येतात. आपल्याकडे नेमका तेव्हाच पाऊस लागलेला असतो, त्यामुळे मध्यरात्री दक्षिणेला काय उभं आहे ते क्वचितच दिसतं. तिथे आकाशगंगेचा सगळ्यात दाट पट्टा असतो. तारे इतके, की मोठ्या दुर्बिणीतून काढलेल्या फोटोत दोन ताऱ्यांमधली काळी जागा शोधावी लागते.

२०१४ ते २०१८ या वर्षांत याच गर्दीच्या पुढ्यातून एक बर्फाळ गोटा सरकत होता. लांबी जेमतेम ३६ किलोमीटर, सूर्यापासूनचं अंतर साडेसहा अब्ज किलोमीटर. आज त्याला ४८६९५८ ॲरोकॉथ म्हणतात. त्याची ओळख बहुतेकांना १ जानेवारी २०१९ च्या यानभेटीमुळे झाली, ‘हिममानवा’सारखा तो फोटो सगळीकडे फिरला. पण त्याची गोष्ट यानापासून सुरू केली, तर तिचा सुंदर भाग हातून निसटतो. त्याआधीची पाच वर्षं ताऱ्यांच्या गर्दीशी झटापट करण्यात गेली. जी गर्दी त्याला शोधू देत नव्हती, तिनेच पुढे त्याचं माप दिलं.

ॲरोकॉथ कायपर पट्ट्यात राहतो, म्हणजे नेपच्यूनच्या पलीकडच्या बर्फाळ पिंडांच्या पट्ट्यात. सूर्याभोवती एक फेरी घालायला त्याला सुमारे २९८ वर्षं लागतात. कक्षा जवळपास वर्तुळाकार, आणि पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी तिचा कल फक्त अडीच अंश. हे आकडे साधे वाटतात, पण सगळं महत्त्व त्यांच्यातच आहे. नेपच्यूनने ज्या पिंडांना ढकललं, त्यांच्या कक्षा लांबट आणि कललेल्या झाल्या. ज्याची कक्षा अशी गोल आणि सपाट राहिली, तो जिथे जन्मला जवळपास तिथेच आहे. साडेचार अब्ज वर्षं तो तापला नाही, फारसा ठेचला गेला नाही. तिथे सूर्यप्रकाश आपल्या एकोणीसशेव्या भागाइतका, आणि तापमान शून्याखाली २३० अंशांच्या आसपास. ग्रह बनण्याआधीचा कच्चा माल पाहायचा असेल, तर तो अशा ठिकाणीच मिळणार.

पुढे त्याला भेटलेलं नासाचं न्यू होरायझन्स यान १९ जानेवारी २००६ ला निघालं, तेव्हा प्लूटोनंतर कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतं. ठरवण्यासारखा पिंडच माहीत नव्हता. यान १४ जुलै २०१५ ला प्लूटोजवळून जाणार आणि त्यानंतर उरलेल्या इंधनात जेवढं वळता येईल तेवढ्याच चिंचोळ्या शंकूतला एखादा पिंड गाठता येणार, एवढं नक्की होतं. तो शंकू नेमका धनु राशीतल्या दाट ताऱ्यांवर येत होता. २०११ पासून हवाईतली ८.२ मीटरची सुबारू दुर्बीण आणि चिलीतल्या ६.५ मीटरच्या मॅगेलन दुर्बिणी या तुकड्यात शोध घेत होत्या. कायपर पट्ट्यातले पन्नासच्या आसपास नवे पिंड सापडले, पण यानाच्या आवाक्यात एकही नाही.

कारण समजून घेण्यासारखं आहे. असा पिंड शोधायचा म्हणजे एकाच जागेचे काही तासांच्या अंतराने फोटो काढायचे, एकातून दुसरा वजा करायचा आणि जे हललं ते उरतं का पाहायचं. मोकळ्या आकाशात हे चालतं. गर्दीत मात्र वातावरण प्रत्येक ताऱ्याचा ठिपका पसरवतं आणि हा पसरटपणा दर तासाला बदलतो. आधीच्या फोटोतला तारा थोडा टोकदार, नंतरच्यातला थोडा बोथट. वजाबाकी केली की प्रत्येक ताऱ्याच्या जागी एक डाग राहतो. हजारो डागांमध्ये सत्ताविसाव्या प्रतीच्या आसपासचा ठिपका हरवून जातो. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचा तारा दिसतो, हा त्याच्या पंचवीस कोटी पट अंधुक.

मग काम हबल दुर्बिणीकडे गेलं. वातावरणाच्या वर असल्यामुळे तिचे ठिपके टोकदार आणि प्रत्येक फेरीत सारखेच. २०१४ च्या जूनमध्ये आधी तिच्या पृथ्वीभोवतीच्या मोजक्या प्रदक्षिणांचा वेळ चाचणीपुरता मिळाला. पद्धत काम करते हे दिसल्यावर बाकीचा मिळाला. युक्ती अशी, की दुर्बीण ताऱ्यांवर स्थिर न ठेवता कायपर पट्ट्यातला पिंड ज्या गतीने सरकायला हवा त्या गतीने हळूहळू फिरवायची. म्हणजे तारे रेघोट्या होतात आणि पिंड ठिपका राहतो. २६ जून २०१४ च्या फोटोंमध्ये तो सापडला. तात्पुरतं नाव २०१४ एमयू ६९. प्लूटोभेटीनंतर, २०१५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चार वेळा इंजिन चालवून यानाचा वेग सेकंदाला एकूण ५७ मीटरने बदलला आणि ते त्याच्या वाटेला लागलं.

पण ते नेमकं कशाकडे निघालं होतं?

हबलच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल विकलेच्या (एक विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग) पंचविसाव्या भागाएवढा असतो. ॲरोकॉथची रुंदी विकलेच्या हजाराव्या भागाएवढी. म्हणजे तो एका पिक्सेलमध्येच बुडतो, आकार दिसायचा प्रश्नच नाही. उरतो त्याचा उजेड, आणि उजेड फसवतो. पृष्ठभाग कोळशासारखा काळा, चार टक्के प्रकाश परतवणारा धरला, तर तेवढ्या उजेडासाठी पिंड मोठा असावा लागतो. तोच सोळा टक्के परतवत असेल, तर व्यास निम्म्यावर येतो. यानाला किती जवळून न्यायचं, कॅमेऱ्याला किती एक्स्पोजर द्यायचं, वाटेत धूळ असेल का, यातलं काहीच यावरून ठरत नव्हतं.

इथे पिधान उपयोगी पडतं. चंद्र एखाद्या ताऱ्याला झाकतो ते पिधान आपल्याकडचे आकाशनिरीक्षक नेहमी पाहतात. हाही तोच प्रकार, फक्त झाकणारा स्वतः दिसत नाही. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश पृथ्वीपर्यंत जवळपास समांतर येतो, त्यामुळे पिंडाची सावली पिंडाएवढीच पडते. तीस किलोमीटरचा पिंड, तीस किलोमीटरची सावली. तिच्या कडाही बऱ्यापैकी धारदार असतात. प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे कडेवरून जाताना तो थोडा वळून पसरतो त्यामुळे, एवढ्या अंतरावर त्या साधारण दीड किलोमीटरने धूसर होतात, त्याहून जास्त नाही. म्हणजे जमिनीवर योग्य जागी उभ्या असलेल्या छोट्या दुर्बिणीला साडेसहा अब्ज किलोमीटरवरच्या वस्तूची कड दोनेक किलोमीटरपर्यंत मोजता येते. कुठल्याही फोटोतून ही अचूकता मिळत नाही. खगोलशास्त्रातली याहून सुंदर मोजणी मला तरी माहीत नाही.

अडचण एकच: योग्य जागा कोणती? एवढ्या अंतरावर विकलेचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर साधारण ३० किलोमीटर. ताऱ्याच्या किंवा पिंडाच्या स्थानात तेवढीच चूक झाली, तरी सावली शेजारच्या जिल्ह्यातून निघून जाते. विकलेचा हजारावा भाग म्हणजे किती, तर पाच हजार किलोमीटरवर ठेवलेल्या अडीच सेंटिमीटरच्या नाण्याची रुंदी. जुन्या तारासूची या कामाला अजिबात पुरत नव्हत्या. युरोपच्या गाया उपग्रहाने मोजलेली ताऱ्यांची स्थानं हाती आली तेव्हा हे शक्य झालं. गायाच्या गटाने लागणाऱ्या ताऱ्यांची स्थानं प्रसिद्धीच्या आधीच या कामासाठी दिली. पिंडाचं स्थान हबलकडून, ताऱ्याचं गायाकडून.

आणि तारे? तिथे गर्दी होतीच. मोकळ्या आकाशातून जाणाऱ्या एवढ्या लहान पिंडाला झाकण्यासारखा तारा मिळायला वर्षं जातात. धनु राशीच्या दाट पट्ट्यामुळे २०१७ मध्ये सात आठवड्यांच्या आत तीन तारे मिळाले: ३ जून, १० जुलै, १७ जुलै.

३ जूनला सावली दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिनावरून जाणार होती. दोन्हीकडे छायापट्ट्याला आडव्या अशा दुर्बिणींच्या रांगा लावल्या. एक लाखाहून जास्त फोटो निघाले. एकाही दुर्बिणीला सावली लागली नाही. मात्र अशी रिकामी रात्र वाया जात नाही. प्रत्येक दुर्बिणीने ‘माझ्या रेषेवर काही नव्हतं’ असं लेखी दिलेलं असतं, आणि त्या सगळ्या रेषा एकत्र ठेवल्या की मोठा, काळा पिंड त्यांच्यामध्ये मावत नाही. तेव्हा अंदाज पुढे आला, की पिंड वाटला त्याहून लहान आणि उजळ असावा, किंवा तो एकसंध नसावा.

१० जुलैची सावली पॅसिफिक महासागरावर होती. तिथे विमानात बसवलेली अडीच मीटरची सोफिया दुर्बीण न्यूझीलंडहून उडाली. आदल्याच दिवशी आषाढी पौर्णिमा झालेली, चंद्र त्याच भागात तळपत होता. मधोमध गाठलेली ठळक सावली त्या उड्डाणातही मिळाली नाही.

राहिली १७ जुलै. आपल्या पंचांगाने आषाढ वद्य पक्ष, अर्जेंटिनात भर हिवाळा. जागा पॅटागोनियाच्या अटलांटिक किनाऱ्यावरचं कोमोदोरो रिवादाविया, वाऱ्यासाठी प्रसिद्ध असलेलं तेलाचं शहर. चोवीस फिरत्या दुर्बिणी पट्ट्यावर पांगल्या.

एका दुर्बिणीजवळ काय काय जमून यावं लागतं, ते सविस्तर पाहायला हवं. दुर्बीण ४० सेंटिमीटर आरशाची, नळ्यांच्या सांगाड्याची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची. ती गाडीतून नेता येते, पण प्रत्येक जागी जोडल्यावर दोन्ही आरसे पुन्हा एका रेषेत आणावे लागतात. हे घाईत केलं, तर तारा ठिपक्याऐवजी धूमकेतूसारखा शेपटी काढतो आणि त्याचा उजेड जास्त पिक्सेलांवर पसरून ‘आवाजात’, म्हणजे फोटोत आपोआप येणाऱ्या खरखरीत, मिसळतो. सांगाड्याभोवती काळं कापड गुंडाळतात, बाहेरचा उजेड आणि अंगाची ऊब आत येऊ नये म्हणून. वाऱ्यात तेच कापड शिडासारखं फुगतं आणि दुर्बीण थरथरते. आडोसा नसेल, तर तारा फ्रेममध्ये नाचत राहतो.

वेळ हा दुसरा कळीचा भाग. पृथ्वी आणि पिंड यांच्या सापेक्ष गतीमुळे सावली सेकंदाला साधारण २५ किलोमीटर वेगाने धावते. नागपूरपासून मुंबईपर्यंतचं अंतर अर्ध्या मिनिटात. तीस किलोमीटरच्या पिंडाच्या मधोमध आलेल्या माणसाला तारा सेकंदभरच गायब दिसतो. लॅपटॉपचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागाने चुकलं, तर कड अडीच किलोमीटर सरकते, आणि लॅपटॉपची घड्याळं याहून जास्त चुकतात. म्हणून जीपीएसची वेळ प्रत्येक फ्रेमवर छापणारा कॅमेरा लागतो. एक्स्पोजरचा तिढा वेगळाच. सेकंदाच्या पाचव्या भागाची फ्रेम धरली, तर तेवढ्यात सावली पाच किलोमीटर जाते. एक्स्पोजर कमी केलं तर कड बारीक मोजता येते, पण तारा आवाजात बुडतो. वाढवलं तर तारा ठळक दिसतो आणि कड हरवते. फोटो साठवणारी डिस्क संथ असेल तर मधल्या फ्रेम गळतात, आणि सेकंदभराच्या घटनेत दोन फ्रेम गळल्या तर काय उरलं?

चुकीचा तारा लावणं, ही अशा भागात सगळ्यात सहज होणारी चूक. धनु राशीत कुठेही दुर्बीण वळवा, फ्रेम ताऱ्यांनी भरलेलीच असते आणि प्रत्येक आकृती ओळखीची वाटते. यावरचा उपाय म्हणजे आदल्या रात्री रंगीत तालीम. तारा रोज चार मिनिटं लवकर उगवतो, म्हणून आदल्या रात्री घटनेच्या वेळेनंतर साधारण चार मिनिटांनी तो आकाशात अगदी त्याच जागी असतो. त्या वेळी झाड, खांब, शेजारचा दिवा आड येतो का, ते दिसतं. फ्रेममध्ये शेजारचा एक तारा तुलनेसाठी धरायचाच. दोन्ही मंदावले तर ढग, फक्त आपला गेला तर सावली. आणि नोंद घटनेच्या बऱ्याच आधी सुरू करून बऱ्याच नंतर थांबवायची, कारण पिंडाला चंद्र किंवा कडं असेल, तर ते बाजूला दिसेल. महाराष्ट्रातून एखाद्या लघुग्रहाचं पिधान टिपायचं असेल, तरी नियम हेच. तिथे आठ इंची दुर्बीणही पुष्कळदा पुरते, आणि आभाळ मोकळं असलेला हिवाळा हा आपला हंगाम.

कोमोदोरो रिवादावियात त्या रात्री गावाने जे केलं, ते विसरण्यासारखं नाही. गाड्यांचे दिवे दुर्बिणींवर पडू नयेत म्हणून राष्ट्रीय महामार्ग दोन तास बंद ठेवला. रस्त्यावरचे दिवे मालवले. वाऱ्याला आडोसा म्हणून दुर्बिणींच्या बाजूला ट्रक आणून उभे केले. हे सगळं सेकंदभरासाठी, आणि कधीही न दिसणाऱ्या गोट्यासाठी. मध्यरात्र उलटल्यावर सावली आली आणि गेली.

चोवीसपैकी पाच दुर्बिणींच्या नोंदीत तारा नाहीसा झालेला सापडला. प्रत्येक नोंद म्हणजे पिंडावरून ओढलेली एक जीवा: तारा कुठे गेला, कुठे परत आला. पाच समांतर जीवा एकाखाली एक मांडल्या, तर गोल पिंडाच्या बाबतीत त्यांच्या टोकांतून वर्तुळ जायला हवं. इथे वर्तुळ बसेना, एकच लंबवर्तुळही नीट बसेना. मध्ये बारीक झालेला, दोन गोळे चिकटल्यासारखा आकार दिसत होता. ऑगस्ट २०१७ मध्ये जाहीर झालं: एकच असेल तर सुमारे ३० किलोमीटर लांब, दोन असतील तर प्रत्येकी १५ ते २० किलोमीटरचे. यान अजून दीड वर्ष दूर होतं, आणि आकार माणसांच्या हाती आला होता.

४ ऑगस्ट २०१८ ला, पुन्हा आषाढाच्या वद्य पक्षात, सेनेगल आणि कोलंबियात आणखी एक पिधान टिपायला माणसं गेली. सेनेगलमध्ये तेव्हा पावसाळा असतो. ढगांच्या फटींतूनही यानाचा मार्ग पक्का करण्याइतकी नोंद मिळाली.

बारा दिवसांनी, १६ ऑगस्टला, यानाच्या स्वतःच्या ‘लॉरी’ नावाच्या कॅमेऱ्याने त्याला पहिल्यांदा पाहिलं, १७ कोटी किलोमीटरवरून. इथेही गर्दी आडवी आली. जवळपास त्याच दिशेचा ताऱ्यांचा फोटो आदल्या वर्षी काढून ठेवला होता. नव्या ४८ फोटोंच्या बेरजेतून तो वजा केल्यावर, जिथे असायला हवा होता तिथेच एक ठिपका उरला.

जवळ जाताना मात्र एक कोडं पडलं. लांबट पिंड फिरला की त्याचा उजेड कमी-जास्त व्हायला हवा. पिधानांनी तो लांबट ठरवला होता आणि यानाला उजेडात चढउतार दिसत नव्हता. उत्तर भेटीच्या आदल्या दिवसांत मिळालं: त्याचा फिरण्याचा अक्ष जवळपास यानाकडेच रोखलेला होता. विमानाचा पंखा समोरून पाहिला, तर तो फिरतो पण रुंदी बदलत नाही, तसं. एका फेरीला १५.९ तास लागतात.

भेट १ जानेवारी २०१९ ला, भारतीय वेळेनुसार सकाळी ११ वाजून ३ मिनिटांनी, ३,५३८ किलोमीटरवरून झाली. यानाचा वेग सेकंदाला १४ किलोमीटरहून जास्त. तिथून प्रकाशाला इथे यायला सहा तास आठ मिनिटं लागतात, म्हणून यान सुखरूप असल्याचा संदेश आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास पोचला. मोजमापांचा साठा सुमारे ५० गिगाबिट, आणि पाठवण्याचा वेग सेकंदाला एक-दोन किलोबिट. ते सगळं उतरवायला वीसेक महिने लागणार होते. सगळ्यात बारीक फोटोत एक पिक्सेल म्हणजे ३३ मीटर.

दोन गोळे, मध्ये उजळ मान. दोघांचा रंग सारखाच तांबडा, पृष्ठभागावर मिथेनॉलचं बर्फ, पाण्याच्या बर्फाची स्पष्ट खूण नाही. खड्डे थोडेच, सगळ्यात मोठा सुमारे ७ किलोमीटरचा, तो लहान गोळ्यावर. मानेजवळ चुरगळल्याच्या किंवा फुटल्याच्या मोठ्या खुणा नाहीत. दोन गोळे आदळले असते, तर त्या दिसल्या असत्या. ते माणसाच्या चालीच्या आसपासच्या वेगाने एकमेकांना टेकले आणि तसेच राहिले. त्या वर्षीच्या १२ नोव्हेंबरला त्याला अधिकृत नाव मिळालं. ‘ॲरोकॉथ’ हा पाव्हाटन भाषेतला शब्द, अर्थ ‘आकाश’. हबलचं आणि यानाचं काम जिथून चालतं, त्या चेसापीक खाडीच्या परिसरातल्या मूळ लोकांची ही भाषा.

आता शेवटचे फोटो. जवळून गेल्यानंतर नऊ-दहा मिनिटांनी यानाने मागे वळून पाहिलं. सूर्य आता पिंडाच्या पलीकडे होता, त्यामुळे पिंडाची एक बारीक कोर उजळलेली आणि बाकी सगळा काळा. समोरच्या फोटोंवरून दोन्ही गोळे चेंडूसारखे वाटले होते आणि ‘हिममानव’ तेवढ्यावरच रुजला होता. काळा भाग किती जाड आहे, हे काळोखातून कसं कळणार? पाठीमागे तारे होते. हे धनूच्या जवळपास विरुद्ध बाजूचं आकाश, तितकं दाट नाही, पण फोटोंची मालिका सलग होती. एका फोटोत असलेला तारा पुढच्यात नाही, आणखी पुढच्यात पुन्हा आहे. कुठला तारा कधी झाकला आणि कधी सुटला, याची नोंद मांडत काळ्या पिंडाची कड आखली. चेंडू बसेना. मोठा गोळा २१ किलोमीटर लांब, २० किलोमीटर रुंद, आणि जाडी फक्त ९ किलोमीटर: आंबोळीसारखा. लहान गोळा १५, १४ आणि १०, अक्रोडासारखा.